बँडसॉचा तास

५ जानेवारी

साडूभाऊ,

नमस्कार. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही पदरचं घालता, म्हणून पत्र. चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात करवतींच्या शेजारी काढल्यावर कानांनी तरी किती साथ द्यायची.

विचारायचं ते सरळ विचारतो. मला घरी सुतारकामासाठी बँडसॉ घ्यायचा आहे, दोन चाकांवर पातं फिरणारी ती विजेची करवत. कुठला घ्यावा? शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, फळ्यावर हजारो वळणं काढली, लाकडात एकही उतरवलं नाही. आता उतरवायची वेळ आली आहे, कारण आमच्या हिचं, धाकटीचं, जेवण. तिला पक्षाघात होऊन या महिन्यात दोन वर्षं होतील. उजवा हात गेलेलाच आहे. उजव्या पायात थोडी धुगधुगी आहे असं डॉक्टर म्हणतात, मला काही ती दिसत नाही. उशांना टेकवून बसवलं की डाव्या हातानं जेवते, पण ताट मांडीवरून घसरतं. तिच्या कंबरेभोवती बसेल असं, पुढून अर्धचंद्र कापलेलं फळीचं टेबल मला करायचं आहे. साध्या करवतीनं करून पाहिलं. तीन दिवस खपलो आणि शेवटी उंदरानं कुरतडल्यासारखं काहीतरी हाती आलं. धाकटी म्हणाली, तुमची बायको मध्येच जाड आणि मध्येच बारीक आहे का.

दुसरं. तुमच्या घरून ताईंचा आग्रह पुन्हा सुरू झाला आहे, की धाकटीला त्यांच्याकडे हलवावं, तिथे खोल्या मोकळ्या आहेत, माणसं आहेत. बहिणीची माया मला कळते. पण लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. ती तिकडे गेली तर मी या घरात उठून काय करू, हे मला सुचत नाही. थकलो आहे, ते नाकारत नाही. तिला पाठवायची माझी तयारी नाही, एवढं तुमच्या कानावर असू द्या. ताईंना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा
मास्तर

१२ जानेवारी

मास्तर,

पत्र मिळालं. मी हसलो नाही. तुमच्या ताई हसल्या, पण मी काहीही बोललो तरी त्या हसतात, त्यामुळे ते मनावर घेऊ नका.

खोक्यातून येणारा नवा, चकचकीत, पत्र्याचा घेऊ नका. पातं ताणलं की तो सांगाडाच वाकतो. ओतीव लोखंडाचा जुना कुठे मिळतो का बघा. चौदा इंची तुम्हाला पुरे. चौदा इंच म्हणजे चाकाचा व्यास, नाहीतर पट्टी घेऊन भलतंच मोजत बसाल. बघायला जाल तेव्हा आधी प्लग काढायचा, झाकण उघडायचं आणि वरचं चाक हातानं फिरवायचं. घरघर लागली तर बेअरिंग संपलं. चाकावरचं रबर नखानं दाबून बघा. ते कडक होऊन चिरलेलं असेल तर बदलता येतं, त्यावरून सोडून देऊ नका. टेबलावर पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का पाहा. उजेड आला की टेबल वाकडं. आणि विकणारा मशीनपेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलायला लागला तर चहा न घेता निघून या.

पातं पाव इंची, इंचाला सहा दात. रुंद पातं सरळ छान जातं, पण वळणावर हट्ट करतं.

आता मला सांगा, मशीन ठेवणार कुठे? धाकटीच्या खोलीपासून किती लांब? चालू असताना तिची हाक ऐकू येईल? रोज किती वेळ चालवणार आणि तेव्हा तिच्याजवळ कोण असणार? तुम्हाला झोप किती मिळते? सुतारकामात हे सगळं बघावं लागतं.

मिस्त्री

२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

झोपेचा सुतारकामाशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण तुम्ही या धंद्यातले, म्हणून उत्तर देतो. झोप चार तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. दर दोन तासांनी धाकटीची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा ती झोपते तेव्हा मी स्वयंपाक आणि धुणं उरकतो. सकाळी आठ ते दहा नर्सबाई येतात, तेवढ्यात बाजार आणि औषधं. असा गाडा चालला आहे.

बँडसॉ मिळाला. खेळणी करणाऱ्या एका बाईंचा. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या काम बंद करत आहेत. ओतीव, चौदा इंची, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, पट्टीखाली उजेड दिसला नाही. बाई स्वतःबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मशीन हलवलं तेव्हा मात्र आत निघून गेल्या आणि पावती द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. चौघांनी उचलून आणलं, मागच्या खोलीचं दार बिजागरीतून काढावं लागलं. तुमच्या वजनाचं असेल.

मागची खोली आणि धाकटीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्या उशाशी एक बटण बसवलं आणि त्याचा लाल दिवा मशीनच्या वर, डोळ्यांसमोर. चार ते पाच एवढाच वेळ चालवतो. तेव्हा ती पडून असते, जवळ कोणी नसतं. कोणाला बोलवू?

आता रडगाणं. मशीन फिरतं पण कापत नाही. फळी पुढे सरकवली की पातं नुसतं घासतं, धूर येतो आणि फळी टेबलावरून वर उचलली जाते. पातं जास्त ताणून पाहिलं, कमी ताणून पाहिलं, पातं धरून ठेवणारे बाजूचे गाइड सरकवले, चाकं पुसली, पातं काढून पुन्हा बसवलं. दहा दिवस रोज चार ते पाच हेच. मेटाकुटीला आलो. धाकटी विचारते, आज किती कापलं, मी म्हणतो, आज अभ्यास केला. सोबत मशीनचं चित्र काढून पाठवतो आहे, अगदी मापात, पात्याच्या दातांसकट. काय चुकतंय ते तुम्हीच बघा.

तुमचा
मास्तर

९ फेब्रुवारी

मास्तर,

चित्र इतकं अचूक आहे की चूकही अचूक उतरली आहे. पात्याचे दात वर बघतायत. ते खाली, टेबलाकडे बघायला हवेत. तुम्ही दहा दिवस लाकूड उलट्या दिशेनं खाजवत होता.

कारखान्यात नवा माणूस आला की आम्ही मुद्दाम असं पातं चढवून ठेवायचो आणि बाजूला उभे राहून गंमत बघायचो. बिचारा दुपारपर्यंत घाम गाळायचा. दहा दिवस मात्र कोणी टिकला नाही. तुमच्या ताईंनी चित्र भिंतीला लावलं आहे.

काढून पुन्हा बसवलंत तरी उपयोग नव्हता, दात वरच राहणार. हातमोजे घाला, पातं दोन्ही हातांत धरा आणि शर्टाची बाही उलटी करतो तसं आतलं बाहेर करा. चाकाच्या मधोमध ठेवा, वरचं चाक हातानं दहा-वीस वेळा फिरवून ते तिथेच राहतं का बघा, मगच प्लग लावा. बाजूच्या गाइडमध्ये आणि पात्यात एका कागदाएवढी फट. वरचा गाइड लाकडाच्या वर बोटभर, त्याहून उंच नको, नाहीतर पातं नाचतं.

अर्धचंद्र कापताना एका दमात वळू नका. टाकाऊ भागातून आधी रेषेपर्यंत सरळ चिरा देऊन ठेवा. मग कडेनं गेलात की तुकडे आपोआप सुटत जातात आणि पात्याला वळायला जागा मिळते.

तो दिवा. कल्पना चांगली आहे. पण करवतीवर असताना दोन ठिकाणी बघणारा माणूस मी कामावर ठेवत नसे. तुम्ही पात्याकडे बघणार की दिव्याकडे? टोचायला लिहीत नाही, खरंच विचारतोय. धाकटीचा हात त्या बटणापर्यंत नीट पोचतो का, तेही कळवा.

मिस्त्री

२२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

पातं उलटलं. फळी लोण्यासारखी कापली गेली. मी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून तो कापलेला तुकडा हातात घेऊन उगाच बघत राहिलो. कितीतरी दिवसांनी एखादी गोष्ट मी केली आणि ती झाली. धाकटीचं तसं नाही. तिचं रोज सगळं करायचं आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच.

बटणापर्यंत तिचा हात पोचतो. तपासून पाहिलं. आणि मी दिव्याकडे बघतो, दर मिनिटाला. निदान बघायचो. आता एक लिहितो ते ताईंना सांगू नका. चार ते पाच या वेळात मला धाकटीची आठवण येत नाही. पेन्सिलीची रेघ आणि पातं, बाकी काही नाही. पाचला मशीन थांबतं आणि परत आत जायला पाय उचलत नाहीत. तिच्या दाराबाहेर मी दोन मिनिटं उभा राहतो. तोंड नीट करतो. मग आत जातो, ती हसते, विचारते, काय झालं आज, आणि मी लाकडाच्या गोष्टी सांगतो. एकोणचाळीस वर्षांच्या बायकोकडे जाताना तोंड नीट करावं लागतं, याची मला लाज वाटते. कोणाला तरी सांगायचं होतं.

टेबलाची फळी आणली आहे, अठरा मिलिमीटरची. कंबरेचं माप घ्यायला टेप घेऊन गेलो तर म्हणाली, एवढी वर्षं बघताय, नजरेनं काढा. कागदावर वळण काढलं, कापून तिच्या कंबरेला लावलं. बसलं.

पुढच्या पंधरवड्यात कापायला घेतो. तोवर टाकाऊ लाकडावर वळणांचा सराव.

तुमचा
मास्तर

१४ मार्च

मास्तर,

तीन आठवडे तुमचं पत्र नाही. सराव चालू असेल असं मी समजत होतो. काल नर्सबाईंनी तुमच्या ताईंना फोन केला. धाकटी पडली आणि तुम्ही करवतीवर होता, एवढं कळलं. तुमच्या ताई तेव्हापासून जेवलेल्या नाहीत.

आता माझं एक ऐका. जानेवारीपासून माझ्या पत्रांत दोन माणसं लिहीत होती. करवतीचं मी सांगायचो, प्रश्न तुमच्या ताईंचे असायचे. खोली किती लांब, जवळ कोण, झोप किती. त्या म्हणाल्या, तुमच्या साडूला सरळ विचारलं तर तो सगळं ठीक म्हणेल, तुम्ही करवतीच्या आडून विचारा. मी विचारलं. तुम्ही भोळेपणानं सगळं लिहीत गेलात आणि मला दर पत्राला जास्त वाईट वाटत गेलं. तुमचं 'ताईंना सांगू नका'वालं पत्र मात्र दाखवलं नाही. पत्र आलंच नाही म्हणून सांगितलं.

त्यांनी ठरवलं आहे. ३१ तारखेच्या रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो आणि धाकटीला इकडे आणतो. मी मध्ये पडलो नाही. करवत तुमच्या हातात देणारा मीच, कुठल्या तोंडानं पडू?

काय झालं ते लिहा. तुमच्या तोंडून कळू दे.

मिस्त्री

१९ मार्च

साडूभाऊ,

तुमच्यावर राग नाही. तुम्ही न विचारताही मी सांगितलंच असतं, मला दुसरं कोण आहे.

सहा तारखेला टेबलाची फळी कापायला घेतली. तुम्ही सांगितल्या तशा आधी चिरा दिल्या, मग कडेनं निघालो. निम्म्यापर्यंत रेघ कुठेही सुटली नाही. दिवा एकदाही लागला नाही, किंवा लागला आणि मी पाहिला नाही. खरं काय ते मला शपथेवर सांगता येणार नाही. पाच वाजले, उरलेलं उद्या म्हणून मशीन बंद केलं. नेहमीसारखा तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तोंड नीट केलं. म्हणजे ती आत जमिनीवर पडलेली असताना मी बाहेर उभा राहून आणखी दोन मिनिटं घालवली.

ती खाटेशेजारी आडवी होती. कपाळाला टेंगूळ, गुडघा सोलवटलेला. मला म्हणाली, "काही नाही हो, घसरले." बटण का दाबलं नाहीस, असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं भिंतीकडे तोंड केलं. हात पोचला नसेल. किंवा हाका मारल्या असतील आणि त्या मशीननं खाल्ल्या असतील, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती सांगत नसेल.

मी पातं उतरवलं, मशीन पुसलं आणि त्यावर चादर टाकली. फळी अर्धी कापलेली तशीच आहे. आता सकाळचा बाजार सोडला तर दिवसभर तिच्या खाटेशी बसून असतो. नजर हलवत नाही. ती म्हणते, जरा बाहेर जाऊन या. मी जात नाही.

ताईंना म्हणावं, मी भांडणार नाही. न्या तिला. तुमच्याकडे चार माणसं आहेत, आळीपाळीनं बघतील. मी एकटा आणि त्यातही एक तास पळून जाणारा. कूस बदलायच्या वेळा, औषधं, कुठली उशी कुठे, सगळं कागदावर लिहून ठेवतो. काल धाकटीला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती "बरं" म्हणाली आणि डोळे मिटले. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असेल. ते मला फार लागलं, पण तिला दोष कसा देऊ.

फार थकलो आहे, साडूभाऊ. गाडी मोठी आणा, तिला आडवं नेता आलं पाहिजे.

तुमचा
मास्तर

२५ मार्च

ताई,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. सकाळी हे बाजारात गेले की चार-चार ओळी लिहिते. सहा दिवस चाललंय. नर्सबाई कागद धरतात, टपालाच्या पेटीत त्याच टाकणार आहेत. फोन त्यांनी माझ्या काळजीनं केला, मी त्यांच्याशी भांडून झाले आहे.

मी घसरले नाही. उभी राहिले होते.

मशीन आलं तेव्हापासून हे चाललं होतं. चार वाजता पलीकडे आवाज सुरू झाला की मी खाटेचा कठडा धरून उठून बसायची. मग पाय खाली सोडायची. फेब्रुवारीत एकदा उभी राहिले, तीन मोजेपर्यंत. मग पाच. त्या दिवशी अकरा झाले. बाराव्याचा हव्यास केला आणि पडले. बटण उशीवरून माझ्याबरोबरच खाली आलं होतं, हाताशी होतं. दाबलं नाही. दाबलं असतं तर हे धावत आले असते आणि मशीन पुन्हा कधी सुरू झालं नसतं. म्हणून पाच वाजायची वाट बघत पडून राहिले. फार दुखलं नाही. आपण उभ्या होतो हेच मनात होतं.

ह्यांच्यासमोर मला ते जमत नाही गं. मी बोट हलवलं तरी हे उठतात. पाणी देऊ का, उशी सारू का, दुखतंय का. इतकं करतात की बोलायला तोंड नाही. दोन वर्षांत मला कोणी एकटं सोडलेलं नाही. हे किती थकलेत ते मला दिसतं. ते त्यांना कळू नये म्हणून मी हसते आणि त्या हसण्यानंच जास्त दमते. पाच वाजता हे दाराबाहेर थांबतात ते मला ऐकू येतं. बरंच वाटायचं. तेवढ्यात मी पाय वर घेऊन पांघरूण सारखं करायची.

तो तास त्यांना त्यांचा वाटतो. तो माझाही होता. त्यांना त्याची लाज वाटत असणार. मला वाटत नाही.

तुझ्याकडे माणसं आहेत म्हणतेस, तीच अडचण आहे. तुझ्या घरात मला एक तास एकटी कोण टाकेल? तू तर मिनिटभर टाकायची नाहीस. लहानपणी विहिरीजवळसुद्धा माझी वेणी धरून ठेवायचीस.

ह्यांनी मला पाठवायचं सांगितलं तेव्हा मी बरं म्हणाले, कारण बोलायला लागले असते तर रडले असते आणि मग हे रात्रभर बसले असते. तीन आठवडे होत आले. हे माझ्याकडे बघत बसतात, मी त्यांच्याकडे बघत पडते. पाय पुन्हा जड झालाय.

रविवारी ये. मला तुला बघायचंय. पण मी तुझ्याबरोबर येणार नाही, हे आधीच सांगते. उभं राहण्याचं ह्यांना बोलू नकोस, वीसपर्यंत पोचले की माझं मी सांगेन. आणि दाजींना नक्की घेऊन ये. पातं चढवून द्यायला हवं, हे आपणहून हात लावणार नाहीत. ती टेबलाची फळी दोन दिवसांत होऊन जाईल. दाजींना म्हणावं, त्यानंतर ह्यांना करवतीवरचं काहीतरी खूप अवघड काम द्या, लवकर न संपणारं.

धाकटी